घरची अळंबी : नवशिक्यांसाठी प्रस्तावना

घरी अळंबी पिकवायची म्हटलं की वसई-विरारमध्ये दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, ‘महिन्याला किती सुटतील?’ आणि दुसरा, ‘जागा किती लागेल?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. पेंढा भरलेल्या पाच पिशव्या टांगायला एका कपाटाएवढी जागा पुरते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र या पुस्तिकेत शोधू नये. ज्याने अजून एकही पिशवी भरलेली नाही, पेंढा कुजला की मुरला हे ज्याच्या नाकाला अजून कळत नाही, त्याला नफ्याचा आकडा सांगणं ही फसवणूक आहे. पुस्तिका लिहिली आहे ती शिकणाऱ्यासाठी. शिकणं म्हणजे स्वतःच्या हाताने भरलेल्या पिशवीतून स्वतःच्या घरच्या कढईपर्यंत अळंबी आणणं. एवढं साधलं की पुढचे हिशेब ज्याचे त्याला मांडता येतात.

आपल्या तालुक्यात हे शिकणं सोपं जावं अशी परिस्थिती आहे, आणि तिचा फायदा फारसा कोणी घेत नाही. रेल्वे रुळांच्या पूर्वेला पारोळ, भाताणे, मेढे, शिरवली या पट्ट्यात भाताची झोडणी उरकली की पेंढ्याचे भारे रचले जातात. काही गुरांना जातो, काही तबेल्यांना, उरलेला पडून राहतो. पश्चिमेला आगाशी, निर्मळ, भुईगाव, गिरीजच्या वाड्यांत घड उतरवलेल्या केळीचे खुंट आणि वाळलेली पानं खताच्या खड्ड्यात जातात. या दोन पट्ट्यांच्या मधे नालासोपारा आणि विरारच्या इमारती आहेत. सकाळची लोकल पकडून रात्री परतणारी लाखो माणसं तिथे राहतात आणि त्यांच्याकडे कुंडीपुरतीही माती नाही. धिंगरी नावाची जी अळंबी ही पुस्तिका शिकवते, तिला माती लागत नाही. तिला पेंढा लागतो, ओल लागते, हवा लागते आणि स्वच्छता लागते. पहिल्या तीन गोष्टी इथे मुबलक आहेत. चौथी शिकावी लागते, आणि पुस्तिकेची अर्ध्याहून अधिक पानं तिच्यावरच खर्ची पडली आहेत.

अळंबीची लागवड हे परदेशी खूळ आहे असा एक समज आहे. दुकानात निळ्या डब्यात दिसणारी पांढरी गोल बटण अळंबी डोळ्यासमोर असते, म्हणून तसं वाटतं. बटण अळंबीला खरोखरच थंड हवा आणि खास तयार केलेलं कंपोस्ट लागतं. आपल्या बाजारात येते ती मोठ्या वातानुकूलित प्रकल्पांतून, आणि घरच्या नवशिक्याने तिच्या वाटेला जाऊ नये. पण पेंढ्यावरच्या अळंबीचा इतिहास बराचसा आपल्याच देशात घडला आहे. कोइमतूरला १९४०च्या दशकात भातपेंढ्यावरच्या अळंबीचे प्रयोग झाले. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत झेड. बानो आणि एच. सी. श्रीवास्तव यांनी १९६२ मध्ये धिंगरीच्या कुळातली अळंबी भाताच्या पेंढ्यावर घेऊन दाखवली. पुढे सत्तरीच्या दशकात सी. एल. जंदैक आणि जे. एन. कपूर यांनी करड्या धिंगरीवर काम केलं. त्यांनी वापरलेल्या साहित्यात केळीचा खुंटही होता, ही बाब वसईकराने लक्षात ठेवण्यासारखी आहे. हिमाचलातल्या सोलन इथे १९८३ मध्ये अळंबीसाठी राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं. त्याला आज अळंबी संशोधन संचालनालय म्हणतात. आपल्या राज्यात पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अखिल भारतीय समन्वित अळिंबी संशोधन प्रकल्पाचं केंद्र आहे. ही सगळी माणसं एकाच प्रश्नामागे होती : गरीब शेतकऱ्याच्या दारात जे फुकट पडलं आहे, त्यावर चांगलं अन्न कसं उगवेल?

रानातल्या अळंबीबद्दलही इथेच बोललं पाहिजे, कारण पालघर जिल्ह्यात अळंबी म्हटलं की आधी तीच आठवते. पहिले जोरदार पाऊस पडून गेले की वारुळांवर छत्र्या उगवतात. आदिवासी बाया पहाटे त्या गोळा करून पळसाच्या पानावर वाटे लावतात. ती चव ज्याने घेतली आहे त्याला धिंगरी थोडी मवाळ वाटेल, हे मान्य. पण वारुळावरची ही अळंबी घरी पिकवता येत नाही. ती वाळवीच्या सोबतीने जगते. वाळवी वारुळात चावलेल्या पाल्यापाचोळ्याचे थर रचते, त्यावर ही बुरशी वाढवते आणि खाते. आपल्याला दिसते ती त्या बुरशीची वर आलेली छत्री. वारूळ फोडलं की पुढच्या वर्षीची अळंबी गेली. गोव्यात हिला रोयणीची अळमी म्हणतात. गोवा विद्यापीठातले डॉ. नंदकुमार कामत यांनी या अळंबीचा अभ्यास केला आणि ती वारुळासकट वाचवावी, असं लोकांना वर्षानुवर्षं सांगितलं.

आणि दुसरी गोष्ट अधिक गंभीर. रानातली अळंबी ओळखणं पुस्तकातून शिकता येत नाही, ही पुस्तिकाही ते शिकवत नाही. चांदीचं नाणं काळं पडतं का ते पाहा, लसणाचा रंग बदलतो का ते पाहा, किडे लागले असतील तर ती खाण्याजोगी, असे जे ठोकताळे सांगितले जातात त्यांतला एकही खरा नाही. काही विषारी अळंब्यांचं विष शिजवूनही जात नाही आणि त्रास काही तासांनी सुरू होतो, तोवर यकृताला इजा झालेली असते. तुंगारेश्वरच्या जंगलात फिरायला गेलेल्या माणसाने दिसली म्हणून छत्री खुडून घरी आणू नये. ज्या बाईच्या आजीने तिला बोट धरून दाखवलं आहे, ते तिचं ज्ञान. आपण ते उसनं घेऊ नये. विकत घेतलेल्या खात्रीच्या बियाण्यातून पिशवीत उगवलेली धिंगरी मात्र निर्धास्त खावी.

धिंगरी ही लाकडावर आणि वाळक्या काडीवर जगणारी बुरशी आहे. काडीतला जो कठीण भाग गुरांनाही नीट पचत नाही, तो ती पचवते. तिचा खरा देह म्हणजे पेंढ्यात पसरलेलं पांढऱ्या तंतूंचं जाळं. आपण खातो ती टोपी म्हणजे तिचं फळ. एवढं एक नीट समजलं की पुढची प्रत्येक कृती का करायची हे आपोआप उलगडतं. पेंढा ओला केला की त्यावर जगू पाहणाऱ्या इतर शंभर बुरश्या आणि जिवाणूही जागे होतात. धिंगरीचे तंतू पसरायला पंधरा-वीस दिवस घेतात, हिरवी बुरशी तीन-चार दिवसांतच पाय रोवते. म्हणून पेंढा आधी गरम पाण्यातून काढून या आगंतुकांना कमी करायचं आणि धिंगरीला पहिली उडी मारू द्यायची. अळंबीची सगळी विद्या या शर्यतीत आपल्या गड्याला चार दिवसांची आघाडी मिळवून देण्याची आहे.

आता हंगामाबद्दल. इथे माझं मत प्रचलित समजुतीच्या उलट आहे, आणि ते मी ठामपणे मांडतो. बहुतेक नवशिके पावसाळ्यात सुरुवात करतात. रानात अळंबी पावसात उगवते, हवेत ओल भरपूर असते, मग घरीही तेव्हाच बरं, असा हिशेब. वसईच्या पावसाळ्यात ओल पुरेशी असते हे खरं, करड्या आणि गुलाबी धिंगरीला तापमानही चालतं. पण त्याच दिवसांत हिरवी बुरशी सर्वांत जोरात असते, बारीक माश्यांचा सुळसुळाट असतो, आणि हाती येणारा पेंढा मागच्या वर्षीचा, कुठेतरी भिजलेला, आतून काळपट पडलेला असतो. जुन्या जाणत्याला हे सांभाळता येतं, नवशिक्याला नाही. त्याची पहिलीच खेप हिरवी पडते आणि तो ‘आपल्याला जमत नाही’ म्हणून कायमचा बाजूला होतो. सुरुवात करावी ती कार्तिक-मार्गशीर्षात. तेव्हा नवा, सोनेरी, खडखडीत वाळलेला पेंढा मिळतो. रात्रीचं तापमान खाली आलेलं असतं, आणि पांढरी फ्लोरिडा धिंगरी असो की करडी साजोर-काजू, दोन्हींना २० ते २८ अंशांतली ती हवा मानवते. ओल कमी पडते, पण ओल वाढवणं आपल्या हातात आहे. दारा-खिडक्यांना ओली गोणपाटं लावा, जमिनीवर पाणी शिंपडा. पावसाळ्यातली बुरशी कमी करणं आपल्या हातात नाही. मार्चनंतर ऊन चढलं की धिंगरी थांबवावी. उन्हाळ्यात ३० ते ३५ अंशांत येणारी दुधी अळंबी आहे. मूळ पश्चिम बंगालची ही जात तमिळनाडूत लागवडीत रुळली. तिला वरून मातीचा थर द्यावा लागतो, म्हणून ती दुसऱ्या वर्षासाठी ठेवली आहे.

पेंढा निवडताना तो हातात घेऊन वाकवा. चांगली काडी चटकन मोडते, तिला गवताचा स्वच्छ वास येतो. वाकली, मऊ पडली, कुबट वास आला, काळे ठिपके दिसले तर भारा परत करा. पूर्वेकडच्या गावांतून पेंढा (तिकडे काही जण त्याला पावली म्हणतात) थेट शेतकऱ्याकडून घेणं उत्तम, कारण शेवटची फवारणी कधी आणि कशाची झाली ते त्यालाच विचारता येतं. पेंढ्याचे तीन ते पाच सेंटिमीटरचे तुकडे करायचे, गोणपाटात भरून रात्रभर थंड पाण्यात बुडवून ठेवायचे. सकाळी तीच गोणी ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायची. घरातलं मोठं तपेलं आणि एक साधा तापमापक एवढी साधनं पुरतात. बऱ्याच माहितीपत्रकांत याऐवजी कार्बेन्डाझिम आणि फॉर्मॅलिनच्या पाण्यात पेंढा भिजवायची पद्धत दिलेली असते. मोठ्या शेडमध्ये इंधन वाचवायला ती वापरतात. घरात, जिथे मुलं आहेत आणि न्हाणीघर एकच आहे, तिथे फॉर्मॅलिनची बाटली आणू नये. तिची वाफ डोळ्यांना आणि श्वासाला झोंबते. पाच पिशव्यांसाठी गॅसचा खर्च परवडतो.

गरम पाण्यातून काढलेला पेंढा स्वच्छ जाळीवर किंवा उतरत्या प्लास्टिकवर निथळत ठेवायचा. तो किती निथळावा, यावर निम्मं यश अवलंबून असतं. मूठभर पेंढा घेऊन घट्ट दाबा. बोटांच्या फटींतून पाण्याचे थेंब गळले तर अजून थांबा. थेंब गळला नाही, पण मूठ उघडल्यावर तळवा ओलसर चमकला, तर पेंढा तयार आहे. तळवा कोरडाच राहिला तर उशीर झाला. या टप्प्याला पेंढ्यात ६५ ते ७० टक्के ओल असते, म्हणजे एक किलो सुका पेंढा साधारण तीन किलो भरतो. मोजायला यंत्र लागत नाही, मूठ पुरते. पण मुठीला हे कळायला दोन-तीन वेळा तरी पेंढा निथळून पाहावा लागतो. बहुतेक बिघडलेल्या पिशव्या या पायरीवर बिघडतात. घाई झालेली असते, सोमवारी कामावर जायचं असतं, म्हणून रविवारी रात्री ओलाच पेंढा भरला जातो. तळाशी पाणी साचतं, हवा शिरत नाही आणि आठवड्यात पिशवीला आंबूस वास येतो. नोकरदाराने शनिवारी संध्याकाळी भिजत घालून रविवारी दुपारी भरावं. पुस्तिकेतलं वेळापत्रक तसंच आखलं आहे.

बियाणं म्हणजे शिजवलेल्या गव्हाच्या किंवा ज्वारीच्या दाण्यांवर निर्जंतुक वातावरणात वाढवलेली धिंगरीची बुरशी. पिशवीत दाणे पांढऱ्या मखमलीत गुरफटलेले दिसले पाहिजेत. हिरवा, काळा किंवा नारिंगी ठिपका, चिकट पाणी, आंबट वास, यातलं काहीही असेल तर ती पिशवी घेऊ नका, फुकट मिळाली तरी. ताज्या बियाण्याला अळंबीचाच मंद वास येतो. प्रवासात त्याला जपावं. बंद गाडीत, उन्हात ठेवलेल्या पिशवीतली बुरशी मरते आणि बाहेरून ते लगेच कळत नाही. पुण्याहून आणायचं तर रात्रीचा किंवा पहाटेचा प्रवास ठेवा, पिशवी हवेशीर राहील अशी धरा. घरी आणल्यावर लगेच भरायचं नसेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ते काही दिवस टिकतं. गुलाबी धिंगरीचं बियाणं मात्र फ्रिजमध्ये ठेवू नये, तिला थंडी सोसत नाही. एका पिशवीला, म्हणजे सुमारे तीन किलो ओल्या पेंढ्याला, शंभर ग्रॅम बियाणं धरलं तर अर्ध्या किलोत पाच पिशव्या होतात. पाच हा आकडा असा आला आहे.

३५ बाय ५५ सेंटिमीटरची प्लास्टिकची पिशवी, तळाला पेंढ्याचा दोन-तीन इंचांचा थर, कडेने बियाणं, पुन्हा पेंढा, असं दाबत दाबत वर यायचं, तोंड बांधायचं आणि निर्जंतुक केलेल्या दाभणाने पंचवीस-तीस भोकं पाडायची. मग ती अंधाऱ्या, माश्या नसलेल्या जागी टांगायची आणि तिला हात लावायचा नाही. या दिवसांत करण्यासारखं काही नसतं, आणि नवशिक्याला नेमकं तेच कठीण जातं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाण्यांभोवती पांढरी लव दिसते. मग ती काडीवरून सरकत जाते, थरांच्या रेषा पुसट होतात, आणि पंधरा ते वीस दिवसांत सगळी पिशवी दुधासारखी पांढरी आणि घट्ट होते. बोटाने टिचकी मारली तर ठोकळ्यासारखा आवाज येतो. तेव्हा प्लास्टिक काढायचं.

इथून काम बदलतं. आता उजेड हवा, थेट ऊन नको, आणि हवा खेळती हवी. खोलीत हवा कोंडली तर अळंबीचा दांडा लांबच लांब होतो आणि टोपी टिकलीएवढी राहते. अशी अळंबी दिसली की पाणी वाढवू नका, खिडकी उघडा. दिवसातून दोन-तीनदा फवारणीच्या बाटलीने धुक्यासारखं पाणी मारायचं. टाकीतलं क्लोरिनचं पाणी असेल तर ते आदल्या रात्री उघड्या भांड्यात काढून ठेवलेलं बरं. चार-सहा दिवसांत पेंढ्यावर टाचणीच्या डोक्याएवढे करडे-पांढरे दाणे उठतात. संध्याकाळी पाहिलेला दाणा सकाळी ओळखू येत नाही इतक्या वेगाने ते वाढतात. टोपीची कड आत वळलेली असते तोवर ती वाढते आहे असं समजा. कड सपाट झाली की काढा. कड वर वळली, फाटली, तर उशीर झाला. काढताना सुरी लावू नये, अख्खा झुपका बोटांत धरून हलकेच पिळावा. मागे खुंट राहिला तर तो कुजतो आणि माश्या बोलावतो.

वेळेवर काढण्याला आणखी एक कारण आहे आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी ते हसण्यावारी नेऊ नये. पिकलेल्या टोपीखालून पांढरी पूड झडते. ते धिंगरीचे बीजाणू. एका बंद खोलीत रोज ते श्वासात गेले तर खोकला, कणकण, धाप असा त्रास होऊ शकतो. अळंबीच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना तो होतोही. म्हणून झोपायच्या खोलीत पिशव्या टांगू नयेत. घरात दम्याचा रुग्ण किंवा तान्हं मूल असेल तर फ्लॅटमध्ये हा उद्योग करूच नये. त्यासाठी गावाकडची पडवी, वाडीतली खोली किंवा गच्चीवरची सोसायटीच्या परवानगीची जागा शोधावी. वसईच्या जुन्या घरांची कौलारू पडवी या कामाला फार चांगली : सावली आहे, वारा आहे, शेणाने सारवलेली जमीन पाणी धरून ठेवते. तिला बारीक नायलॉनची जाळी लावली की झालं.

पहिली खेप काढल्यावर वरचा पातळ थर खरवडून पुन्हा पाणी मारलं की आठ-दहा दिवसांनी दुसरी येते, मग तिसरी. तिन्ही मिळून एका किलो सुक्या पेंढ्यावर अर्धा ते पाऊण किलो ताजी अळंबी आली तर नवशिक्याने समाधान मानावं. हात बसल्यावर ती किलोच्या जवळ जाते. पहिली खेप सर्वांत भरघोस असते. उरलेला पेंढा मऊ, हलका झालेला असतो, तो केळीच्या आळ्यात किंवा कुंडीत उत्तम खत होतो.

खाण्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण पिकवूनही घरात कोणी खात नसेल तर शिकणं अर्ध्यावर राहतं. बटण अळंबीची सवय असलेल्याला धिंगरी चिवट वाटते, आणि तसं वाटण्याचं कारण बहुधा ती फार वेळ शिजवली जाते हे असतं. हाताने उभ्या रेषेत फाडावी, तापलेल्या कढईत थोड्या तेलावर लसूण-मिरचीवर टाकावी, सुटलेलं पाणी आटू द्यावं आणि ओलं खोबरं घालून उतरवावी. घरच्या मसाल्यात, कांदा-खोबऱ्याच्या वाटणातही ती छान मुरते. श्रावण पाळणाऱ्या वाडवळ आणि आगरी घरांत, आणि उपासकाळात शुक्रवारी मांस न खाणाऱ्या ख्रिस्ती घरांत, रस्सा तोच ठेवून त्यात काय घालायचं हा प्रश्न दरवर्षी पडतो. धिंगरी त्याचं चांगलं उत्तर आहे, आणि उपासकाळ तर तिच्या हंगामाच्या शेवटाशी जुळूनच येतो. कच्ची मात्र कधी खाऊ नये. तिच्या गुणांच्या जाहिरातींवर जाऊ नये. ताज्या अळंबीत सुमारे ९० टक्के पाणी असतं आणि प्रथिनं ताज्या वजनाच्या तीन टक्क्यांच्या आसपास. मटणाची बरोबरी तिने करावी अशी अपेक्षाच चुकीची. ती उत्तम भाजी आहे, एवढं पुरेसं आहे. एक खरा गुण कमी सांगितला जातो : काढलेली अळंबी दांडा खाली, टोपीची खालची बाजू वर करून थोडा वेळ उन्हात ठेवली तर तिच्यात ड जीवनसत्त्व तयार होतं.

जास्त आली तर वाळवावी. अर्नाळ्यापासून पाचूबंदरपर्यंत बोंबील वाळवणाऱ्या या किनाऱ्याला ऊन, वारा आणि वाळवण म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. फक्त मासळीशेजारी वाळवू नये, अळंबी वास चटकन ओढते. दहा किलो ताजी वाळून एक किलो होते. हा आकडा डोक्यात पक्का ठेवा, कारण पुढच्या मुद्द्याला तो लागणार आहे.

‘बियाणं आणि किट आमच्याकडून घ्या, वाळलेली अळंबी आम्ही ठरलेल्या भावाने परत घेऊ,’ अशी आश्वासनं घेऊन फिरणारे बरेच आहेत. अळंबी विकून त्यांचं घर चालतं की किट विकून, हे आधी विचारा. त्यांच्याकडून मागच्या दोन हंगामांत पैसे मिळालेल्या पाच उत्पादकांना स्वतः जाऊन भेटता येत नसेल, तर एक रुपयाही देऊ नका. वाळलेल्या किलोला मिळणारा भाव ऐकायला मोठा वाटतो. दहाने भागल्यावर ताज्या किलोला काय पडतं ते दिसतं, आणि त्यातून पेंढा, बियाणं, गॅस आणि आपली मजुरी वजा करायची असते. विकायचंच असेल तर ताजी विका, जवळ विका. धिंगरी साध्या हवेत एक-दोन दिवसांपलीकडे टिकत नाही. ही तिची अडचण आहे आणि आपलं बलस्थानही, कारण मुंबईचा ग्राहक आपल्यापासून लोकलच्या तासा-दीड तासावर आहे. वसईच्या बायका भाजी आणि फुलं घेऊन पिढ्यान्‌पिढ्या दादर गाठत आल्या आहेत. त्यांना ताज्या मालाचा धंदा कोणी शिकवायला नको. गिऱ्हाईक मात्र तयार करावं लागेल. बटण अळंबी ओळखणारे खूप आहेत, धिंगरी हातात घेऊन ‘ही कशी करायची?’ विचारणारे त्याहून जास्त. जैन कुटुंबं ती घेणार नाहीत, हेही गृहीत धरा. विक्री सुरू करण्यापूर्वी अन्न सुरक्षा विभागाची नोंदणी करून घ्या.

या सगळ्याला वसईच्या संदर्भात एक वेगळा अर्थ आहे आणि तो मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. इथल्या वाड्या, विहिरी आणि शेतजमीन वाचवण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीतून लढा दिला. काही वाचलं, बरंच इमारतींखाली गेलं. ज्यांच्या वाड्या गेल्या त्यांच्या पुढच्या पिढीला पिकवण्याची ओढ आहे, पण जमीन नाही. ज्या वाड्या उरल्या तिथे केळीचा खुंट अजून कचरा समजला जातो. धिंगरी वाड्या परत आणणार नाही, तिच्याकडून तेवढं मागूही नये. पण उरलेल्या वाडीला तिच्या कचऱ्यातून आणखी एक पीक देता येईल, आणि चौथ्या मजल्यावरच्या मुलीला स्वतःच्या हाताने काहीतरी पिकवता येईल. पूर्वेकडच्या शेतकऱ्याचा पेंढा, पश्चिमेची केळी आणि मधल्या वस्तीतले हात एकत्र आले तर या तालुक्यात हे काम चांगलं उभं राहू शकतं, अशी माझी खात्री आहे.

पुस्तिका वाचून सगळं येणार नाही. एकदा तरी जाणत्या हाताखाली पिशवी भरावी. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या अळिंबी प्रकल्पात प्रशिक्षण आणि बियाणं दोन्हींची चौकशी करता येते. आपल्या जिल्ह्यात डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर कृषी विज्ञान केंद्र आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी काम केलं ती हीच टेकडी. विरारहून डहाणूची गाडी धरली तर तिथे जाऊन त्याच दिवशी परतता येतं. जाताना आपल्या पेंढ्याची मूठभर काडी आणि बिघडलेली पिशवी असेल तर तीही बांधून घेऊन जा, नुसत्या वर्णनावरून कोणालाच नीट सांगता येत नाही.

भरल्याची तारीख, पेंढा कुठला, बियाणं कुठलं, खोलीचं सकाळ-संध्याकाळचं तापमान आणि पहिली अळंबी कधी दिसली, एवढं एका वहीत लिहीत जा. पहिल्या पाच पिशव्यांची अळंबी विकू नका, घरी करा आणि शेजारी द्या. दाण्यांवर बुरशी वाढून बियाणं तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, तेव्हा दिवाळीनंतर पिशव्या भरायच्या असतील तर मागणी दसऱ्याच्या आतच नोंदवा.